शेवटच्या खोलीचं पाणी

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपली जुनी माणसं म्हणायची. विहिरीच्या काळात ते खरं होतं. पाणी आहे की नाही, एवढाच प्रश्न असायचा. नळ आले आणि ही म्हण थोडी लंगडी पडली. आता आडात भरपूर असतं आणि तरी पोहऱ्यात येत नाही. टाकी काठोकाठ भरलेली, पहिल्या घरच्या नळाला हातभर फेस काढणारी धार, आणि त्याच ओळीतल्या शेवटच्या घरी करंगळीएवढीही नाही. मग शेवटच्या घरची बाई पहिल्या घराकडे बोट दाखवते. पहिल्या घरची म्हणते, ‘आम्ही काय तुमच्या वाटणीचं पितो का?’ आणि वर्षानुवर्षांचा शेजार एका पाईपापायी मोडतो.

कन्नडमध्ये शेवटाला ‘कोने’ म्हणतात आणि खोलीला ‘कोणे’. म्हणजे शेवटची खोली ती ‘कोनेय कोणे’. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांत असे खेळ चालायचेच. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या बिऱ्हाडाला तिच्या सासूबाईंनी हेच नाव ठेवलं होतं. बिऱ्हाड होतं आपल्यापासून फार लांब, दादरा नगर हवेलीत, सिल्वासाजवळच्या सुरंगी गावात.

हा मुलूख आपल्या माणसांना अगदीच परका नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटलं, त्या मोहिमेत महाराष्ट्रातली बरीच मंडळी होती. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यांतलेच एक. पुढे तिथं कारखाने आले. आता गावात वारली, गुजराती, मराठी आणि हिंदी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. दाजी एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. बॉयलरला पाणी, मशीनला हवा, पाईप, व्हॉल्व्ह, पंप हेच त्यांचं काम. कंपनीपासून जवळ म्हणून त्यांनी दहा खोल्यांच्या एका बैठ्या चाळीत भाड्यानं खोली घेतली. एका ओळीत दहा दारं, समोर लांब ओटा, एका टोकाला उंच चौथऱ्यावर सिमेंटची टाकी. टाकीत मालकाच्या बोअरचं पाणी. टाकीजवळची खोली पहिली, अक्काची दहावी.

सकाळी साडेपाच ते सात ही वेळ सगळ्यांची एकच. पुरुषमाणसांना पहिली पाळी गाठायची, मुलांना शाळा, बायकांना धुणीभांडी. त्या दीड तासात दहाव्या खोलीचा नळ नुसता हवा सोडायचा. अक्काच्या सासूबाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्या अथणीकडच्या, कन्नड बोलणाऱ्या. पहाटे चार वाजता उठून, सगळी चाळ झोपेत असताना त्या भांडी भरून ठेवायच्या. तेव्हा पाणी यायचं. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं रोज चारला उठून बादल्या ओढाव्यात, हे काही बरं दिसत नव्हतं. त्यात गुडघे धरलेले.

मग संशय सुरू झाला. पहिल्या खोलीत ओडिशाचं एक कुटुंब होतं. त्यांनी नळाला टुल्लू पंप लावलाय, अशी चाळीत कुजबुज झाली. कुणी पाहिला नव्हता, पण पाणी जातं कुठं याला दुसरं उत्तरही कुणाकडं नव्हतं. अव्वांना ओडिया येत नाही, त्या बाईंना कन्नड येत नाही. तरी भांडण झालं आणि ते चांगलं तासभर चाललं. भांडायला भाषा लागत नाही. ‘नीरु, नीरु’ एवढं त्या बाईंना नक्की कळलं होतं, कारण नीर हा शब्द त्यांच्याकडेही आहे. त्या दिवसापासून दोन्ही घरांतल्या मुलींचं एकत्र शाळेत जाणंही थांबलं. मुली एकाच वर्गात होत्या.

दाजी मितभाषी माणूस. त्यांनी भांडणात तोंड घातलं नाही. एका रविवारी दुपारी तीनला, चाळीतले सगळे नळ बंद असताना, त्यांनी दहा लिटरची बादली आपल्या नळाखाली लावली आणि हातातलं घड्याळ बघत बसले. बादली सव्वा मिनिटाच्या आत भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, चाळीत चार-पाच नळ चालू असताना, तीच बादली तिथंच लावली. सहा मिनिटांनीही ती काठाला आली नव्हती. त्याच सुमारास पहिल्या खोलीत तीच बादली मिनिटभरात भरली. तिथं जाऊन त्यांनी नळाखालचं सगळं पाहिलं. पंप नव्हताच. होता तो साधा पितळी नळ, तुमच्याआमच्याकडं असतो तसा.

घरी येऊन ते म्हणाले, “कुणी चोरत नाही अव्वा. पाणी वाटेतच दमतंय.”

“नीरु दणीतदेनो?” अव्वांनी विचारलं. पाणी दमतं होय रे?

हा प्रश्न काही खुळा नाही. याच प्रश्नावर मोठमोठ्या माणसांनी आयुष्यं घातली आहेत. फ्रान्समध्ये दिजों नावाचं शहर आहे. तिथला इंजिनिअर हेन्री डार्सी यानं १८४० साली साडेबारा किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी शहरात आणलं. पुढं त्यानं वेगवेगळ्या जातीच्या आणि जाडीच्या पाईपांतून पाणी सोडून वाटेत किती जोर कमी होतो ते मोजलं आणि १८५७ साली प्रसिद्ध केलं. त्याच्याआधी १८४५ साली जर्मनीच्या वाईसबाखनं याचं सूत्र मांडलं होतं. दोघांच्या नावानं ते सूत्र आजही इंजिनिअरिंगची मुलं शिकतात. त्या वाटेतल्या दमण्याला पुस्तकात घर्षणाचा तोटा म्हणतात.

सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत गेलं की हे डोळ्यांनी दिसतं. अरुंद बोळातून गर्दी पुढं सरकत असते. भिंतीला लागून चालणारा जवळजवळ थांबलेलाच असतो, त्याच्या खांद्याला लागून चालणाराही अडखळतो, मधला त्यातल्या त्यात मोकळा. पाण्याचंही तसंच. पाईपाच्या भिंतीला टेकलेला पाण्याचा थर हलतच नाही. त्याच्या आतला थर त्याला घासत पुढं जातो, त्याच्या आतला त्याला. वेग वाढला की पाण्यात भोवरे उठतात आणि गर्दीत चेंगराचेंगरी होते तशी ताकद वाया जाते. १८८३ साली मँचेस्टरमध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून हे दाखवलं. पाणी सावकाश असताना रंगाची रेघ सरळ गेली, वेग वाढवल्यावर ती विस्कटून सगळ्या नळीभर पसरली. वाया गेलेली ताकद कुठं जाते? तिची ऊब होते. पण इतकी थोडी, की शंभर मीटर उंचीवरच्या पाण्याचा सगळा जोर घर्षणात संपला तरी ते पाणी पाव अंशानंही तापत नाही. म्हणून हा तोटा हाताला लागत नाही आणि माणूस चोर शोधत बसतो.

या तोट्याचे नियम घरातल्या हिशेबासारखे आहेत. पाईपाची लांबी दुप्पट केली तर तोटा दुप्पट. इथवर कुणालाही पटतं. पाईपातून जाणारं पाणी दुप्पट केलं तर तोटा दुप्पट नाही, जवळजवळ चौपट. आणि तेवढंच पाणी निम्म्या जाडीच्या पाईपातून न्यायचं म्हटलं तर तोटा सुमारे तीस पट! हा शेवटचा नियम माणसाच्या अंदाजाला सापडत नाही. पाऊण इंची आणि दीड इंची पाईप दुकानात शेजारी ठेवले तर आपल्याला वाटतं, हा दुप्पट. पाण्याच्या दृष्टीनं तो दुप्पट नसतोच.

दाजींनी वहीच्या मागच्या पानावर चाळीचा हिशेब मांडला. टाकीतलं पाणी नळांपेक्षा साधारण चार मीटर उंच. म्हणजे चाळीच्या हातात चार मीटरचाच जोर. लाईन चाळीस मीटर, सगळी पाऊण इंची. एवढ्या लांबीतून मिनिटाला दहा लिटर पाणी नेलं तर वाटेत मीटरभराच्या आत खर्च होतो, म्हणून दुपारी दहाव्या खोलीत बादली भरते. मिनिटाला वीस लिटर न्यायचं म्हटलं की तीन मीटर खर्च. तीस लिटर न्यायला साडेसहा मीटर हवेत, आणि ते चाळीकडं नाहीतच. सकाळी पहिल्या चार-पाच खोल्यांचे नळ उघडले की त्यांचं सगळं पाणी लाईनच्या सुरुवातीच्या तुकड्यातूनच जाणार. चार मीटरची पुंजी तिथंच संपते. पुढच्या खोल्यांना उरतं ते जेवणावळीच्या शेवटच्या पंगतीला उरतं तसं. वाढपी चोर नसतात, पण पातेलं रिकामं असतं.

शिवाय पाईप जुना, लोखंडी, आणि बोअरचं पाणी जड. आत क्षाराची खपली धरलेली. पाऊण इंची पाईपात चारही बाजूंनी नुसता अडीच मिलिमीटरचा थर बसला तरी त्याच जोरावर येणारं पाणी निम्म्याहून कमी होतं. प्रत्येक एल्बो, प्रत्येक टी, अर्धवट उघडा राहिलेला कॉक, सगळे आपापली वसुली करतात.

मालकाला वाटत होतं की टाकीवर मोठी मोटर बसवली की झालं. दाजींनी त्याला वही दाखवली. मोटर टाकी लवकर भरील, पण टाकीपासून पुढं पाणी स्वतःच्या वजनानंच जाणार. मुख्य लाईन दीड इंची प्लास्टिकची टाकली तर मिनिटाला वीस लिटरचा तीन मीटर तोटा दहा-बारा सेंटीमीटरवर येतो. मालकानं पाईप दिला, दहा खोल्यांनी मजुरी वाटून घेतली. पहिल्या खोलीला या कामाचा काहीच फायदा नव्हता, त्यांच्याकडं पाणी येतच होतं. तरी वर्गणी सगळ्यांत आधी त्यांचीच आली. अव्वांनी दुसऱ्या दिवशी मुलीच्या हाती धपाटे पाठवले. माफी कुणी मागितली नाही, कुठल्या भाषेत मागायची हाही प्रश्नच होता. मुली पुन्हा बरोबर शाळेला जाऊ लागल्या, एवढं पुरे झालं.

ही गोष्ट सुरंगीच्या एका चाळीची असली तरी आपल्या भागात ती शिवारात घडते. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा या नद्यांच्या काठावर मोटरी बसवून दोन-तीन किलोमीटर आतल्या रानात उसाला पाणी नेलेलं आपण पाहतो. कर्ज काढून पाईपलाईन होते आणि चार इंची की सहा इंची, हा निर्णय पैसे वाचवण्यासाठी पाच मिनिटांत घेतला जातो. त्याचा हिशेब असा. सेकंदाला दहा लिटर पाणी तीन किलोमीटर न्यायचं तर चार इंची पाईपात सुमारे ४६ मीटरचा जोर नुसता घर्षणात जातो. पंधरा मजली इमारतीवर पाणी चढवावं तेवढा. तेच पाणी सहा इंचीतून नेलं तर साडेसहा मीटर. उरलेल्या चाळीस मीटरचं वीजबिल शेतकरी पाईपाच्या भिंतींना घासण्यासाठी भरतो, दरवर्षी, लाईन आहे तोवर. पाईप महाग म्हणून वाचवलेले पैसे असे मागच्या दारानं जातात.

मग पाणी कमी पडतं म्हणून पाचाची मोटर काढून साडेसातची बसवतात. दीडपट मोटर म्हणजे दीडपट पाणी, असा सरळ हिशेब. पण सपाट रानातल्या लांब लाईनीत, जिथं सगळी ताकद घर्षणालाच लागते, तिथं दीडपट ताकदीनं पाणी वाढतं जेमतेम पंधरा टक्के. आणि रान भावाभावांत वाटलेलं असेल तर थोरल्याच्या वाफ्यात पाणी धो धो आणि टोकाच्या धाकट्याच्या रानात ऊस वाळलेला. ‘दादानं व्हॉल्व्ह फिरवला’ असं मग वहिन्या-जावांत बोललं जातं. कधी फिरवलेलाही असतो, नाही असं नाही. पण बादली आणि घड्याळ लावल्याशिवाय ते ठरवू नये.

शहरात हाच तोटा वेळापत्रकामुळं वाढतो. आठवड्यातून दोनदा, दोन तास पाणी सुटणार म्हटल्यावर सगळी घरं एकदम तुटून पडतात. ज्या पाईपातून पाणी दिवसभर सावकाश जाऊ शकलं असतं त्यातून ते दोन तासांत कोंबावं लागतं. पाणी चौपट झालं की तोटा तेरा ते सोळा पट. मग उंचावरच्या आणि टोकाच्या गल्लीत नळ कोरडा, म्हणून तिथं टुल्लू पंप, म्हणून पुढच्या गल्लीत आणखी कोरड. बेळगाव, हुबळी-धारवाड आणि गुलबर्गा इथल्या काही भागांत २००८ पासून चोवीस तास पाण्याचा प्रयोग सुरू झाला. जागतिक बँकेच्या मदतीनं त्या भागांतल्या पाईपांचं जाळंच बदललं. तेव्हा पुष्कळांना वाटलं, दोन तास पाणी पुरत नाही तर चोवीस तास कुठून पुरणार? पण पाणी कधीही मिळणार अशी खात्री असली की कुणी एकदम तुटून पडत नाही, घागरी-पिंप भरून ठेवत नाही, उरलेलं शिळं म्हणून ओतून देत नाही. पाईपातली गर्दी ओसरते आणि जोर टोकापर्यंत टिकतो.

जोर नेहमी टिकवायचाच असतो असंही नाही. आपल्याच शेजारी विजापुरात आदिलशाहीत याच्या उलट अडचण होती. १६५१ साली मुहम्मद आदिलशहाच्या काळात बांधलेल्या बेगम तलावातून शहरात भाजलेल्या मातीच्या नळ्यांमधून पाणी आणलं होतं. उतारावर बंद नळीत पाण्याचा दाब वाढत जातो आणि मातीची नळी फुटते. म्हणून वाटेत जागोजागी चौकोनी दगडी मनोरे बांधले. त्यांना तिकडं गंज म्हणतात. पाणी मनोऱ्यात वर चढतं, तिथं मोकळ्या हवेला येतं, दाब तिथं सुटतो, गाळ खाली बसतो आणि पाणी पुढच्या नळीत शिरतं. मराठीत गंज म्हणजे लोखंडाला लागणारा रोग, पाईप आतून खाणारा. विजापूरचा गंज पाईपाला वाचवणारा. नाव एक, पण गुण अगदी उलटे. त्यांतले कितीतरी मनोरे आजही गावात उभे आहेत. मुलांना गोलघुमट दाखवायला नेतो तेव्हा वाटेत एखाद्या मनोऱ्यापाशी गाडी थांबवावी आणि हा कशासाठी आहे ते सांगावं. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाणी कुठं जोर धरतं आणि कुठं सोडतं ते सूत्राशिवाय ओळखलं होतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा राज्य आणि दादरा नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश देशात पहिल्यांदा ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झाले. त्या प्रदेशातल्या ९६ गावांत ग्रामसभांनी ठराव करून प्रत्येक घरी नळाचं पाणी पोचतं असं सांगितलं. जलजीवन मिशनचा नियम माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. ग्रामसभेनं ठरवायचं ही पद्धत मला फार आवडली, कारण पाणी आलं की नाही ते कागदाला कळत नाही, घागर घेऊन उभ्या असलेल्या बाईला कळतं. आता आपल्याही गावांतून नव्या लाईनी पडत आहेत. ठेकेदार पहिल्या चौकात नळ सोडून दाखवतो, सरपंच नारळ फोडतात, फोटो निघतो. त्या दिवशी एक बादली आणि एक घड्याळ घेऊन गावाच्या टोकाला जावं. गल्लीतले सगळे नळ चालू ठेवायला सांगावं आणि शेवटच्या घरी बादली किती वेळात भरते ते मोजावं. आकडा ग्रामसभेच्या वहीत लिहून ठेवावा आणि वर्षभरानं पुन्हा मोजावं. वेळ वाढली असेल तर पाईपात काहीतरी साचतंय किंवा वाटेत जोडण्या वाढल्यात, हे भांडण लागायच्या आधी कळेल.

पहिल्या घरी पाणी येणं ही काही योजनेची कसोटी नाही. तिथं कुठल्याही पाईपातून येतं. पाईप किती रुंद होता आणि तो टाकणाऱ्यानं किती पुढचा विचार केला होता, हे कोनेय मनेतल्या नळालाच विचारावं लागतं.